नखाखालची रिबीन

बायकोला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी तिच्या हातची शिलाई अजून गावात हिंडते आहे. गणवेशाच्या कारखान्यातून तिला घरी काम यायचं. शाळेच्या फ्रॉकना घेराशी मरून रंगाची रिबीन लावायची. आडव्या, उठावदार रेघांची रिबीन. रोल वीस मीटरचा, एका घेराला दीड मीटर. तेरा फ्रॉक झाले की अर्धा मीटर उरायचा. त्याला पुढच्या रोलचा एक मीटर जोडून ती चौदावा करायची. जोड नेहमी डाव्या खिशाखाली घ्यायची आणि वरून नख ओढायची. खर्रर्र. आवाज जरा अडखळला, की उसवायची.

येत्या जूनपासून शाळेचा गणवेश बदलणार आहे. त्याआधी तिचा एक तरी जोड मला बघायचा होता. रस्त्यात मुलींच्या फ्रॉककडे नजर जायची आणि माझीच मला लाज वाटायची.

परवा ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत उभा होतो. लाइट गेली, गिरणी थांबली. आणि मागून आवाज आला, खर्रर्र. वळलो तर तोच फ्रॉक घातलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी घेरावरून नख ओढत होती. मी नकळत वाकलो.

"काय ओ काका, काय बघताय? वय बघा की जरा!" तिची आई मध्ये आली.

मी सगळं खरं सांगितलं. जोडाची जागा तेवढी सांगितली नाही. आईनं घेर हातात धरून नख फिरवलं, पूर्ण एक फेरा. आवाज कुठंच तुटला नाही.

"कुटं हाय जोड? न्हाय की ओ."

बायकोचा जोड असला तरी आवाज असाच येणार होता, आणि नसला तरी असाच.

"हितं हाय," मुलगी म्हणाली. "हितं जाड लागतंय. बाई पाढे घेतात तवा मी हितंच बोट ठेवते."

बोट डाव्या खिशाखाली होतं.

आईनं घेर हातातून सोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "जूनमधी ह्याचं फडकंच करणार होते मी. तुमाला देऊ का?"

"द्या," मी म्हणालो.

मुलगी पुन्हा नख ओढू लागली. तेवढ्यात लाइट आली, गिरणी सुरू झाली आणि तो आवाज बुडाला. नख मात्र फिरताना दिसत होतं. जोडाशी आलं की ते क्षणभर थांबायचं, उसवायचं की नाही ते ठरवत असल्यासारखं.