अर्धी दाढी

बेळगावच्या कोर्टासमोर चिंचेखाली बसणाऱ्या त्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या हातात वस्तरा असताना कोण विचारणार? स्वतःची दाढी मात्र बेंबीपर्यंत! गळा चिरून खून केला म्हणून त्याच्या गावच्या एका गड्याला जन्मठेप झाली होती. "कोंबडी कापायची म्हटली तरी पळतंय ते!" असं म्हणत, गडी सुटेपर्यंत दाढी न काढण्याचा पण यानं केला होता.

कुणी वकील दाढीला बसला की हा एक गाल साफ करून थांबायचा. "साहेब, त्येचं अपील घेता काय?" नाही म्हणणारे अर्ध्या दाढीनं जज्जापुढे उभे राहायचे. मी मुकाट्यानं हो म्हणालो.

आणि हायकोर्टात जिंकलो की हो! गडी सुटून आला, तेव्हा चिंचेखाली जत्रा भरली. न्हाव्यानं वस्तरा त्याच्या हातात दिला आणि मान मागं टाकली. गड्यानं जन्मात कुणाची दाढी केली नव्हती. गाल कसेबसे झाले, फेस कानात गेला, आम्ही हसून हसून बेजार. मग त्याचा हात थबकला.

न्हाव्यानं एक डोळा उघडला. "थांबलास का रं? गळा ऱ्हायलाय की अजून!"