फुसाकोबाईंनी निवडलेला कॅमेरा

गिऱ्हाईक कॅमेरा हातात कसं घेतं, यावरून ते घेणारं आहे की नुसतं वेळ काढायला आलंय हे मी सांगतो. नाकानोतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात जुने कॅमेरे विकत मी तेहेतीस वर्षं उभा आहे, एवढं तर यायलाच हवं. हल्लीची पोरं कॅमेरा गळ्यात अडकवून आधी आरशात बघतात. मग मी हातमोजे काढतो आणि चहा प्यायला आत जातो.

फुसाकोबाई होशिना आल्या तेव्हा माझा अंदाज सपशेल चुकला. साठीला टेकलेली बुटकी बाई, पायात बर्फातले बूट, हातात शिदोरीसारखं काहीतरी बांधलेलं गाठोडं. मला वाटलं, नवऱ्याचा जुना कॅमेरा विकायला आली असेल. बाईंनी गाठोडं काउंटरवर ठेवलं, कपाटाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, मोठ्या रोलचे सगळे काढा, एकेक करून बघते.

मोठ्या रोलचे म्हणजे ज्यांना आम्ही मीडियम फॉरमॅट म्हणतो ते. साध्या कॅमेऱ्यापेक्षा निगेटिव्ह चौपट, वजनही चौपट, आणि एका रोलमध्ये फोटो दहा किंवा बारा. हौस म्हणून घेणाऱ्याची हौस महिनाभरात फिटते. म्हणून मी विचारलं, तुम्हाला कशासाठी हवाय?

बाई तोकामाची शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत सलून चालवत होत्या. केस कापायच्या, दाढ्या करायच्या. सासऱ्यांचं दुकान, नवरा गेल्यावर एकटीने चालवलेलं. हिवाळ्यात बर्फ पडून गिऱ्हाईक घटलं की शेजारच्या म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे हाताखाली काम करायच्या. फिल्म धुणं, फोटो छापणं सगळं त्याने शिकवलेलं. आमच्यात माणूस धडधाकट असतानाच शेवटचा फोटो काढून ठेवतो, अंत्यविधीला फुलांमध्ये ठेवायचा तो. वाडीतल्या सगळ्यांचे ते फोटो त्या म्हाताऱ्याने काढले. आणि तोच गेला तेव्हा त्याचा स्वतःचा फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार. मुलांनी कुठल्यातरी सहलीतल्या फोटोतून त्याचं तोंड कापून काढलं आणि संगणकावर काळा कोट चढवला. कानापाशी कुणाच्या तरी बिअरच्या ग्लासाची कड राहिली होती.

"सगळ्या गावाने त्या ग्लासाला नमस्कार केला," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

त्याची फिल्म धुवायची अंधारखोली बाईंना मिळाली, कॅमेरा मात्र पुतण्याने परस्पर विकला. आता बाईंची आई, योने, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आयुष्यभर हातमागावर किमोनोचं कापड विणलेली, आणि उभ्या जन्मात कॅमेऱ्यासमोर धड न बसलेली. बाईंनी तिच्यामागे तगादा लावून लावून तिला कबूल करवलं होतं. पण तिची अट होती, एकदाच बसेन. दोनदा बसायला मी काय निवडणुकीला उभी आहे, असं म्हणाली म्हणे.

म्हणजे एक बैठक आणि एक रोल. मी हातमोजे परत चढवले.

पहिला हॅसलब्लाड काढला. हलका, देखणा, स्वीडनचा. बाईंनी किंमत वाचली आणि दागिना शोकेसमध्ये परत ठेवावा तसा तो माझ्याकडे सरकवला. मग आपल्याकडचे, जपानी बनावटीचे दोन मामिया ठेवले. जड, सगळं यांत्रिक, बॅटरीची कटकट नाही, मागचा फिल्मचा डबा फिरवला की आडव्याचा उभा फोटो होतो. एक होता चकचकीत, कुणा डॉक्टरने वीस वर्षं कपाटात जपलेला. दुसरा कोपऱ्यांवर रंग उडालेला, एका लग्नाच्या हॉलमध्ये राबलेला. किमतीत फरक फारसा नव्हता. माझ्यासमोर शंभरातल्या नव्वदांनी चकचकीत उचलला असता.

बाईंनी दोन्हींचे भाते पुढे ओढले. लेन्स पुढे-मागे करायला या कॅमेऱ्याला पेटीसारखा घड्यांचा भाता असतो. वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा चाचपावा तशी त्यांनी एकेक घडी अंगठ्याने दाबली, वास घेतला, आणि राबलेला जवळ घेतला. "पट्टा रोज वापरला तर मऊ राहतो," म्हणाल्या. "न वापरलेला पट्टा धार मोडतो."

मी आत जाऊन दिव्याखाली दोन्ही भाते तपासले. डॉक्टरच्या कॅमेऱ्याच्या घड्या ताठ झाल्या होत्या, एका कोपऱ्यात उजेड झिरपत होता. हे मी आधीच बघायला हवं होतं. तो कॅमेरा मी त्याच दिवशी कपाटातून काढला.

आमचं वाजलं ते पुढे. या कॅमेऱ्यात वरून बघायचं असतं. झाकण उघडायचं, मान खाली घालायची, की काचेवर समोरचा माणूस दिसतो. पण आरशातल्यासारखा, डाव्याचं उजवं. फोटो सरळच येतो, नुसतं बघताना उलटं. नवखा माणूस गडबडतो. म्हणून मी म्हटलं, बाई, वर प्रिझम बसवून घ्या. डोळ्याला लावायचं, सगळं सरळ दिसतं. तुमच्याकडे एकच रोल आहे, प्रयोग नकोत.

"उशियामासान," दारावरच्या पाटीवरचं माझं नाव घेऊन बाई म्हणाल्या, "मी गिऱ्हाइकाला चाळीस वर्षं आरशातच बघते. सरळ बघितलं तर मला ओळखूच येणार नाही."

मी म्हटलं, तरी पण.

"आणि तो डबा तोंडाला लावला की आईला मी दिसणार नाही. डबा दिसेल. डब्याकडे बघून ती कशाला हसेल?"

बाईंनी माझ्याकडे कॅमेरा रोखला, मान खाली घातली, आणि मी डावीकडे सरकलो तसा त्यांनी कॅमेराही बरोबर फिरवला. एकदाही चुकल्या नाहीत. मी प्रिझमचा नाद सोडला. त्यांनी कॅमेरा, लेन्स आणि फिल्मचा एक डबा घेतला. गाठोड्यातून तांदळाची खारी बिस्किटं काढून माझ्या हातावर ठेवली. मी दुकानाचं कार्ड दिलं आणि अडलं तर फोन करा म्हणालो. सगळ्यांनाच म्हणतो. करत कुणी नाही.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी फोन वाजला. दुकानात गर्दी होती. पलीकडून फुसाकोबाई, आवाज अगदी हळू.

"ते सरळ दिसणारं पाठवाल का? आजच."

मी विचारलं काय झालं. त्या सांगू लागल्या. आईला सलूनच्याच खुर्चीवर बसवलं होतं, आरशाकडे पाठ करून. आईने स्वतः विणलेला, राखाडी निळा किमोनो नेसला होता. उजेड छान होता. झाकण उघडलं, मान खाली घातली, आणि काचेवर आई दिसली. उजवी बाजू वर घेतलेली.

आमच्यात जिता माणूस छातीवर किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर घेतो. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्याची. लहान पोराने चुकून उलटा नेसला तरी आया घाईघाईने तो सोडवतात. आणि या काचेत प्रत्येक जिता माणूस तसाच दिसतो. तेहेतीस वर्षं मी हे कॅमेरे विकतोय आणि हे माझ्या ध्यानीमनी आलं नाही, कारण माझ्या समोर येतात ती शर्ट घातलेली पोरं. बाईंच्या तरी कसं येणार? सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड असतं. चाळीस वर्षं आरशात त्यांनी माणसांची डोकीच बघितली, गळ्याखालचे कपडे कधी दिसलेच नाहीत. मी छातीठोकपणे गिऱ्हाईक ओळखणारा माणूस, मला त्या वेळी स्वतःची खरंच लाज वाटली.

"पाठवतो," मी म्हणालो. "पण उद्या पोचेल."

"उद्या ती बसणार नाही."

मागून म्हातारीचा आवाज आला. खणखणीत, हातमागाच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेला. "कुणाशी बोलतेयस गं? माझी पाठ दुखायला लागली."

बाईंनी फोन बाजूला ठेवला असावा, बंद मात्र केला नाही. मला खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. मग पावलं. म्हातारी उठून कॅमेऱ्यापाशी आली होती. बाईंनी तिला सांगितलं की नाही कुणास ठाऊक; बहुतेक तिने मुलीचं तोंड बघूनच ओळखलं. लेकीला काचेत काय दिसलं ते बघायला तिने खुर्चीवर काय ठेवलं, तेही मला माहीत नाही.

"असं होय," म्हातारी म्हणाली.

फुसाकोबाई काहीतरी पुटपुटल्या. कॅमेरा बदलू, पुढच्या महिन्यात बघू, असं काहीसं.

"कशाला? कधीतरी मला तसं बघायचंच होतं ना तुला. आज बघितलंस. आता त्या दिवशी घाबरू नकोस." खुर्ची पुन्हा करकरली. "चल, काढ. आणि मान वर करून बघ माझ्याकडे मधूनमधून, मी इथंच आहे."

मग आवाज आला. या कॅमेऱ्याचा आतला आरसा उडतो तेव्हा धप्प असा आवाज होतो, उशी आपटल्यासारखा. मी मोजत गेलो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी हाताने थांबवलं. मध्ये एकदा म्हातारी हसली. दहा झाले, मग मी फोन ठेवला.

प्रिझम मी तरी पाठवलंच. आठवड्याने ते न उघडता परत आलं, सोबत खाऱ्या बिस्किटांचा डबा आणि एक फोटो. योनेबाई खुर्चीवर, डावी बाजू वर, नुकतंच काहीतरी बोलून गप्प झाल्यासारख्या. डोळ्यांत लेकीवर मात केल्याचा आनंद. असा फोटो माझ्या दुकानातला कुठलाही महागडा कॅमेरा घेऊन कुणी काढलेला मी तरी बघितला नाही.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. परवा फुसाकोबाई आल्या, तेच बर्फातले बूट घालून. आता आसपासच्या सहा वाड्यांतून लोक येतात म्हणाल्या. आणखी एक फिल्मचा डबा हवा, आधीच भरून ठेवायला. रोल बदलेपर्यंत म्हातारी माणसं खुर्चीत झोपून जातात. मी डबा काढला, झडप तपासली, आणि विचारलं, आई कशा आहेत?

"जानेवारीत गेली. झोपेतच." बाईंनी डबा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "अंत्यसंस्कार करणाऱ्या लोकांनी विचारलं, तुम्ही नेसवता का? मी म्हटलं, मीच नेसवते. तोच राखाडी निळा. उजवी बाजू वर घेतली, नीट बसवली. हात थरथरला नाही, उशियामासान. मी आधी बघितलं होतं ना."

मी मान हलवली आणि डबा कागदात गुंडाळायला घेतला. वरची दोरी मला काही केल्या बांधता येईना. शेवटी बाईंनीच ती बांधली.