अर्ध्या वडीचा तिरका काप

गल्लीत त्याला सगळे ‘सल्लागार’ म्हणायचे. धंदा किराणा दुकानाचा, आणि तोही बायकोच्या जिवावर चाललेला. ती सकाळी सहाला शटर उघडायची, माल लावायची, गिऱ्हाईक सांभाळायची. हा खुर्चीत बसून देशाचा बाजार कुठे चाललाय ते सांगायचा. स्वतःचं दुकान कुठे चाललंय, ते त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

एका वर्षी परदेशी साबण कंपनीची माणसं बाजाराच्या अभ्यासाला आली. एवढी कोट्यवधी माणसं, रोज अंघोळ करतात, आणि आपला साबण मात्र घेत नाहीत, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. दुभाष्याने त्यांना नेमकं याच दुकानात आणलं. का, तर समोर गाडी लावायला जागा होती. सल्लागाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात धुणीभांडी करणारी मावशी आली. “साबणाची अर्धी वडी दे गं.” तिची मजुरी रोजची, त्यामुळे खरेदीही रोजची. अशा गिऱ्हाइकांवरच दुकान उभं होतं. बायकोने खिळ्यावरचा दोरा काढला, वडीभोवती फिरवला आणि ओढला. लहानपणी मोडलेलं तिचं मनगट वाकडं जुळलेलं, त्यामुळे काप कायम तिरका जायचा. मोठा तुकडा तिने मावशीला दिला, तो नेहमीच गिऱ्हाइकाचा. उरलेला लहान तुकडा पाहुण्यांनी उचलला, त्याला मोजपट्टी लावली आणि पिशवीत घातला.

“अर्धी का विकता?” दुभाष्याने तिला विचारलं.

“तिला काय विचारता? मी सांगतो,” सल्लागार म्हणाला, आणि तासभर सांगत राहिला. कोण कधी येतं, कोण किती नेतं, कोण नुसता भाव विचारून परत जातं. एकही गिऱ्हाईक सोडलं नाही. जाताना पाहुण्यांनी त्याच्या हातात एक पेन ठेवलं. शहाण्याने ते शर्टाच्या खिशाला असं लावलं, की लांबूनसुद्धा दिसावं.

“अहो, गिऱ्हाईक आपलं. त्यांना एवढं कशाला सांगितलंत?”

“तुला नाही कळायचं. याला संधी म्हणतात.”

संधी वर्षभराने खोक्यांतून आली. नेहमीच्या साबणाचा कारखाना त्याच कंपनीने विकत घेतला होता. “पूर्ण वडी बंद,” माल टाकणारा म्हणाला. “आता हीच. बाहेरून येते.” चकचकीत कागदात अर्धी वडी, आणि भाव जुन्या पूर्ण वडीचा.

बायकोने एका वडीचा कागद काढला. वडीची एक बाजू तिरकी होती. तिने कडेवरून बोट फिरवलं. तोच उतार, साच्यातून काढलेला, खोक्यातल्या प्रत्येक वडीला. तिच्या वाकड्या मनगटाची त्यांनी नक्कल केली होती, आणि तीसुद्धा लहान तुकड्याची. तिला इतका राग आला की रडूच कोसळलं.

सल्लागाराला मात्र आकाश ठेंगणं झालं. “बघ, आपलं दुकान कुठच्या कुठे गेलं,” तो म्हणाला आणि गल्लीभर तेच सांगत फिरला. गल्लीने ऐकून घेतलं. साबण घ्यायला कोणी आलं नाही.

मावशी चार दिवस फिरकली नाही. रोजची माणसं अशीच एकेक तुटली तर महिन्याभरात शटर ओढावं लागेल, हे बायकोला दिसत होतं. पाचव्या दिवशी मावशी आली. तिने वडी हातात घेतली, भाव विचारला आणि खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “याची अर्धी होईल का गं?”

“होईल की,” बायको म्हणाली. तिने पुन्हा भरून आलेले डोळे पुसले आणि खिळ्यावरचा दोरा काढला.

खुर्चीतला सल्लागार ताठ झाला. “अर्ध्याची अर्धी! हे कळवायला पाहिजे त्यांना,” तो म्हणाला आणि त्याने खिशाचं पेन काढलं.

बायकोने दोरा वडीभोवती फिरवला, आणि ओढण्याआधी त्याच्याकडे पाठ केली.