जिन्याखालची तीन पोती

शहरातल्या ज्यू मंडळींत त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. प्रार्थनाघर आणि दफनभूमीचं फाटक उघडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. इतके चोख की कुलूप लावून घरी पोचले तरी एकदा परत जाऊन ते ओढून पाहायचे. अशा माणसाने आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही अशी की एक्केचाळीस वर्षं तिने त्यांना धड झोपू दिलं नाही.

त्या सकाळी चहा घेताना त्यांची मुलगी, म्हणजे मंडळाची चिटणीस, आपल्या समाजाच्या इतिहासाची पुस्तिका छापखान्यात पाठवण्याआधी शेवटची वाचत होती. रंगाऱ्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्या, हे पहिलं प्रार्थनाघर. माणसं वाढली तशी बाजारपेठेत विटांची ऐसपैस इमारत उठली, वर बायकांसाठी सज्जा. मग तीच माणसं एकेक करून परदेशी गेली, तीनशे जणांच्या बाकांवर तीस जण उरले. शेवटी इमारत फर्निचरवाल्याला विकून मंडळी दवाखान्यामागच्या लहानशा जागेत आली.

"'त्याच दिवशी जीर्ण धर्मग्रंथ विधिपूर्वक पुरण्यात आले.' बरोबर ना, बाबा?"

"हं."

"ती फर्निचरवाल्याची इमारत आजपासून पाडतायत. दुपारी जाऊन फोटो काढते."

काकांना ठसका लागला.

देवाचं नाव असलेलं पुस्तक फाटलं तरी फेकायचं नाही, जाळायचं नाही, माणसासारखं दफनभूमीत पुरायचं. जागा बदलली त्या दिवशी सगळे धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या मिरवत नव्या जागी निघाले होते. फाटक्या पुस्तकांची तीन पोती एकट्या काकांवर सोपवलेली, खड्डाही खणून तयार. तेवढ्यात निरोप आला की बायको अडलीय, लगेच या. काकांनी पोती सज्ज्याच्या जिन्याखाली कोंबली, वर फळ्या ठोकल्या आणि धूम ठोकली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर दाराला फर्निचरवाल्याचं कुलूप, आत कपाटांची रास. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी जाऊन रिकामाच खड्डा बुजवला. मंडळाने त्यावर दगड बसवला. मुलगी मोठी झाल्यावर दर वाढदिवसाला त्या दगडावर आठवणीचा खडा ठेवू लागली, आणि काका शेजारी मान खाली घालून उभे राहू लागले. लोकांना वाटे, काय भाविक माणूस!

काका त्या इमारतीपाशी पोचले तेव्हा अर्धं छप्पर उतरवलं होतं. पोती उघड्या ढिगाऱ्यात पडली तर? पानं रस्त्यावर उडाली तर? ते तसेच आत शिरले.

"आजोबा, व्हा बाजूला!" मुकादम ओरडला.

"जिन्याखाली आमची पुस्तकं आहेत."

"पुस्तकंच ना? की सोनंबिनं?"

"सोनं असतं तर इतका घाबरलो असतो का रे?"

मुकादमाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याने पहार पुढे केली. "जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. पुढे मी जबाबदार नाही."

फळ्या निघता निघेनात. काकांचा दम उखडला, डोळ्यांत धूळ गेली. एक पोतं बाहेर आलं, दुसरं आलं. तिसरं ओढताना उसवलं आणि पिवळी पानं पायांवर सांडली. ती गोळा करायला ते गुडघ्यांवर बसले, आणि समोर मुलीच्या चपला दिसल्या. तिच्या गळ्यात कॅमेरा होता.

काकांनी मान वर न करताच सगळं सांगून टाकलं. निरोप, फळ्या, कुलूप, खड्डा.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"नाही गं. माझ्या भित्रेपणामुळे."

"मी तिथे खडा ठेवायचे आणि तुम्ही शेजारी उभे असायचात, बाबा."

"हो."

ती शिव्या देती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला. "छापखाना ना? इतिहासाची पुस्तिका थांबवा. एक वाक्य बदलायचंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने बापाकडे पाहिलं. "नाही, छपाईची चूक नाही. ते खोटं आहे."

काकांनी डोळे मिटले. आज ना उद्या हे ऐकावं लागणार, हे त्यांना एक्केचाळीस वर्षं ठाऊक होतं.

फोन ठेवून ती खाली बसली, एकेक पान झटकून पोत्यात भरलं, उसवलेली बाजू ओढणीने बांधली आणि एक टोक धरलं.

"उचला. दफनभूमीचं फाटक पाचला बंद होतं."

"किल्ली माझ्याकडेच आहे," काका म्हणाले.