खोट्या दाराची फट

कुठल्याही गावाचं नाव काढा, माझे एक जुने सहकारी मनगट उलटं करून आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ बघायचे आणि विचारायचे, "जाऊन-येऊन किती?"

गाव पावागड असो नाहीतर पॅरिस. माझी मुलगी कॅनडाला शिकायला निघाली तेव्हाही हेच. "चार वर्षं," मी म्हणालो. "मग नाही जमायचं," ते म्हणाले, जणू तिच्याबरोबर त्यांनाच जायचं होतं. मी खूप हसलो होतो. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर जरा थांबून हसा.

इकडे गुजराती मुलखात, बाजव्याजवळच्या कारखान्यात आम्ही एकाच खोलीत बसायचो. ते ड्राफ्ट्समन, मी खरेदी विभागात. ते रेघा मारायचे, मी गप्पा. अर्धांगाने त्यांची बायको, आमच्या वहिनी, अंथरुणाला खिळल्या आणि यांनी नोकरी सोडली. वहिनींची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे, आणि दुसऱ्या कोणाचा हात लागला की त्या रडत. दोन बाया ठेवून पाहिल्या, दोघी आठवड्यात गेल्या. तेव्हापासून अकोट्याच्या घरात कंपासचं टोक रोवून ओढावं तसं त्यांचं वर्तुळ ठरलं: तास जायला, तास यायला.

वर्तुळाबाहेरचं सगळं ते कॉम्प्युटरवर बघायचे. त्यातही कंबोडियातली जुनी ख्मेर देवळं. प्रसिद्ध नव्हेत हं! "तिथे अख्खी दुनिया जाते," म्हणायचे. भातशेतांत, ताडांमागे पडून राहिलेली, ज्यांना कुत्रंही विचारत नाही अशी. उपग्रहाच्या चित्रांवरून ते ट्रेसिंग पेपरवर त्यांचे नकाशे काढत.

या देवळांना चार दिशांना चार दारं, पण खरं एकच, बहुधा पूर्वेचं. बाकीची तीन दगडात कोरलेली. चौकट, फळ्या, नक्षी सगळं असतं, उघडत तेवढं नाही. अशा एका देवळाच्या पश्चिमेच्या दारावर त्यांचा जीव होता. कोणा प्रवाशाच्या धूसर फोटोत दोन फळ्यांमध्ये काळी रेघ दिसत होती.

"फट आहे. कारागिराने दार जरासं उघडं कोरलंय," ते म्हणत. "एकाला तरी वाटलं असेल ने, की हे उघडावं?"

आम्ही कंबोडियाला गेलो, कारण बायकोच्या भिशीतल्या चौघी जाऊन आल्या होत्या. निघताना त्यांनी त्या देवळाचा नकाशा माझ्या हातात ठेवला. "एवढं बघून या. आवजो!"

सियाम रीपहून गाडीने अडीच तास. त्यात बायकोने खाकऱ्याचा अख्खा डबा संपवला, म्हणजे विचार करा. मग बांधावरून पोट सावरत मी पुढे, व्हिडिओ कॉल चालू.

"डावीकडे वळा. आता वारूळ येईल."

वारूळ आलं!

"भावोजींनी इथे प्लॉट घेतलाय की काय?" बायको म्हणाली.

पश्चिमेचं दार समोर आलं. फट नव्हती. वाळलेल्या शेवाळाचा काळा ओघळ होता. सबंध एकच दगड.

"काय? आहे फट?" स्क्रीनवर त्यांचं नाकच तेवढं दिसत होतं.

तोंडातून निघून गेलं, "आहे."

"किती?"

ड्राफ्ट्समनशी खोटं बोलू नये. "बोट जाईल एवढी."

"घालून दाखवा."

पोरांना अंगठा तुटल्याची गंमत दाखवतो ना आपण, तसं बोट दुमडून मी ओघळावर टेकवलं. तेवढ्यात तिकडे आतून वहिनींची हाक आली. त्यांनी मनगट उलटं केलं.

"बोट काढू नका. आलोच."

स्क्रीनवर रिकामी खुर्ची. मागे आतल्या खोलीचं अर्धवट उघडं दार.

"अहो, काढा ते बोट. मुंग्या चढल्यात."

"येतील ते."

वीस मिनिटांनी आले. खुर्चीत बसून, वाकून, बराच वेळ बघत राहिले.

"दिसलं," म्हणाले. "दिसलं मला."

पुढे त्या फटीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी कशाला काढतोय?

गेल्या पावसाळ्यात ते गेले, वहिनींच्या आधी. वहिनींना त्यांच्या भावाने तरसालीला नेलं. घर आवरताना त्याला माझं नाव लिहिलेला एक ट्रेसिंग पेपर सापडला, तो त्याने आणून दिला. पश्चिमेचं दार. वेलबुट्टीसकट नीट काढलेलं, दोन्ही फळ्या घट्ट मिटलेल्या. आणि त्यांच्या मधोमध, अगदी मापात, एक दुमडलेलं बोट.