देवाची मूठ

“हात घाल मडक्यात,” बाई म्हणाल्या. “एकेक मूठ काढ. सगळ्यांनी मोजा.”

आईने मडक्यात हात घातला. उकड्या तांदळाची मूठ भरली आणि समोरच्या सुपात सोडली. एक. पुन्हा हात घातला. दोन. उपासना नुकतीच संपली होती. बाई आणि त्यांच्या जवळच्या दोघी खुर्च्यांवर, बाकीच्या बायका खाली चटईवर. सगळ्या मोठ्याने मोजत होत्या.

एकतिसाव्या मुठीला आईची नखं मडक्याच्या बुडाला घासली.

“साठ हव्यात,” बाई म्हणाल्या. मग कमिटीतली पुस्तकी भाषा सोडून घरच्या बोलीवर आल्या. “बाकीच्यो खंय गेल्यो गो?”

आईने नखांत अडकलेले दाणे सुपात झटकले.

“धर्म दिलो तुमका. खोड कशी जातली?”

खुर्चीवरची एक हसली. चटईवरच्याही दोघीतिघी हसल्या. आमच्याच.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रीत होती. भात शिजवताना आधी एक मूठ तांदूळ देवाच्या मडक्यात टाकायचा, मग आपल्या टोपात. पैसा नसलेल्यांचा हा दशमांश. दिवसाचे दोन भात, महिन्याच्या साठ मुठी. पहिल्या रविवारी मडकं देवळात आणायचं. बाईंचे यजमान मंडळीचे खजिनदार. वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेलं जुनं घर, माडांची बाग. आम्ही महारवाड्यातून आलेले. ख्रिस्तात जात नाही असं उपदेशात दर रविवारी ऐकायचो. ऐकायचो चटईवर बसून.

आई रेडीच्या बंदरावर खनिजाच्या पाट्या वाहायची. बाप मी लहान असतानाच गेला. पावसाळ्यात जहाजं येत नाहीत, पाट्या बंद, मजुरी बंद. त्या महिन्यात आमच्या घरात एकतीस वेळा भात शिजला होता. इतकंच होतं ते. बाकीच्या वेळी शेजारची वाटीभर पेज, नाहीतर पाणी.

आणि देवाचं मडकं कोनाड्यात होतं. आत तांदूळ होता. एकदा मी आईला म्हटलं, त्यातल्या दोन मुठी काढ, पुढच्या महिन्यात भर. तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली, ती तेव्हा.

आता हे तिने तिथे का सांगितलं नाही? सांगता येत नव्हतं. जे घर देवाचा वाटा आधी काढतं त्या घरात उपास पडत नाही, असं बाईंनीच आम्हाला रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवलं होतं. पैशाचा, धान्याचा नीट कारभार हीच विश्वासाची खूण. उपास पडला म्हणजे घरात पाप आहे. विश्वास नसलेल्या घरातल्या मुलीला मिशनच्या शाळेची फी माफ होत नसे. मी सातवीत होते.

“बरं,” बाई म्हणाल्या. “आपण हिच्या मुलीला विचारू. लेकरू खोटं बोलायचं नाही.” त्यांनी मला पुढे बोलावलं. “गो चेडवा, तुमची चूल रोज पेटता मा?”

माझ्या वर्गातल्या चार मुली दारात उभ्या होत्या. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली.

“होय,” मी म्हटलं. “दोन येळा.”

बाईंनी वहीत आईच्या नावापुढे लिहिलं. मला उलटं वाचता येत होतं. चोरी.

तीन महिन्यांनी पाळकसाहेब फेरीवर आले तेव्हा ठरलं की आईने मंडळीसमोर उभं राहून ‘मी देवाचं चोरलं’ म्हणावं. म्हणेपर्यंत तिला प्रभुभोजनाची भाकरी नाही. आई उभी राहिली नाही. भाकरीचं ताट फिरायचं तेव्हा ती दाराशी बसायची. दोन वर्षांनी मला भाकरी घ्यायची परवानगी मिळाली. मी घेतली. तिच्या समोर चावली, गिळली.

त्या मोजणीच्या पुढच्या महिन्यापासून तिच्या मडक्यात बरोबर साठ मुठी असायच्या. चूल पेटो न पेटो. ज्या दिवशी शिजवायला पसाभर असेल त्यातूनही ती न पेटलेल्या चुलीची मूठ काढायची. आम्ही आधीपेक्षा जास्त उपाशी राहिलो. बाई खूश झाल्या. माझी फी माफ राहिली.

एकदा मी म्हटलं, “आये, मी त्या दिवशी...”

“तुझी शाळा र्‍हवली मा?” ती म्हणाली. “मगे झाला.”

मी शिकले. साठ सालानंतर त्याच मिशनच्या शाळेत शिक्षिका झाले. मला खुर्ची मिळाली. बाईंची नजर अधू झाली होती, म्हणून वही माझ्याकडे आली. पगारातला दहावा हिस्सा आधीच कापून हातात येई आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आमच्याच बायकांचे तांदूळ मोजी. दोन वर्षं मोजले. हेही लिहिलं पाहिजे.

मग एकजण आली, पाट्या वाहणारी. मडकं अर्धं. आठेक वर्षांची मुलगी पदराला धरून.

“तिच्या चेडवाक विचार,” बाई मला म्हणाल्या.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती काय बोलणार ते मला ठाऊक होतं. तिच्या आईलाही ठाऊक होतं.

“मी विचारणार नाही,” मी म्हटलं. “तुम्ही हिच्या घरी जा. चुलीत हात घालून बघा, राख कधीची आहे.”

“काय गो, मास्तरीण झालंस म्हणान जीभ फुटली?”

मी सुपातले तांदूळ त्या मुलीच्या आईच्या मडक्यात परत ओतले. मडकं तिच्या कमरेवर दिलं. घरी जाऊन शिजव, म्हटलं. वही खुर्चीवर ठेवली आणि बाहेर पडले. महिनाअखेर नोकरी गेली. पुढे बांद्याला सरकारी शाळेत लागले.

लोक म्हणतात, धीट बाई. वीस वर्षं ऐकतेय. मी धीट नव्हते. आई तेव्हा दाराशीच बसली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: हिने चोरलं नाही, खोटं मी बोलले. ते मी बोलले नाही. दुसर्‍यांच्या उपासाबद्दल बोलले, आमच्या उपासाची लाज मला तेव्हाही वाटत होती. आईच्या अंगाला घासून दाराबाहेर गेले. आई आणखी सहा वर्षं जगली, भाकरीवाचून. तशीच पुरली.

मी ख्रिस्ती आहे. पगारातला दहावा हिस्सा अजून आधी बाजूला काढते. ज्या घरात तांदूळ नाही त्या घरात नेऊन देते. वही ठेवत नाही.

बाई अजून आहेत. पुढच्याच खुर्चीवर बसतात. येत्या रविवारी त्याच देवळात भाकरीचं ताट फिरण्याआधी मी उभी राहणार आणि हे सगळं वाचणार, एकतीसपर्यंत मोजून. बाईंना मी क्षमा करणार नाही, मंडळीकडे माझ्यासाठी मागणारही नाही. ती वही मागवणार. आईच्या नावापुढचा शब्द सगळ्यांच्या देखत खोडायला लावणार आणि माझ्या नावापुढे लिहायला लावणार, खोटी साक्ष. मला बाहेर काढतील. काढू देत. पण खोडल्याशिवाय मी त्यांना ताट उचलू देणार नाही.