दाराशी चपला

कापसाची वाईट वर्षं होती, तरी पांढरकवड्याच्या टपरीवर आम्ही तिघं मित्र टेक्नो संगीतावरूनच भांडायचो. कोणता डीजे मोठा, पुण्यातला कोणता क्लब भारी. क्लब एकानंही पाहिला नव्हता. एकदा पुण्याला गेलो, तर दारावरच्या माणसानं पायातल्या चपला पाहून परत पाठवलं.

परतीच्या बसमध्येच मी म्हटलं, "आता आपल्या गावातच करू. दारावर मी राह्यतो उभा. पाहू कोण अडवते."

कापसाविना रिकामी पडलेली, सरकी काढायच्या जिनिंगची शेड रविवारी दुपारपुरती मागून घेतली. वरातीत वाजवणारा डीजे आम्ही दिलेला टेक्नो ऐकून म्हणाला, "याच्यात गाणं कुठी हाय?"

"नसतेच याच्यात गाणं. तू वाजव."

लोक आले. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर चपलेनं चढायचं नसतं. त्या सवयीनं सगळ्यांनी दाराशीच चपला काढल्या. संध्याकाळपर्यंत मी दारावर उभा राहून त्या चपलांच्या ढिगाची राखण केली.